यंत्र रिकामं, बाई रिकामी?

"घरीच असते, काही करत नाही." बचत गटाच्या नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात हे उत्तर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहून घेतलं आहे. पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करणारी, सासूच्या औषधांच्या वेळा सांभाळणारी, दुपारी कोल्हापुरी चपलांच्या वेण्या वळणारी बाई स्वतःला रिकामी म्हणवते आणि आपणही तसंच लिहितो. गेल्या काही महिन्यांत हाच 'रिकामा' शब्द मला एका अगदी वेगळ्या ठिकाणी भेटला. तिथे तो बाईला नव्हे, घरातल्या कॉम्प्युटरला लावतात. गंमत अशी की कॉम्प्युटरच्या रिकाम्या वेळेचा हिशेब सेकंदासेकंदाने ठेवला जातो, त्याला गुण मिळतात, त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. त्याबद्दल मैत्रिणींशी बोलावं असं वाटलं, म्हणून हे लिहिते आहे. आमच्या गटापुढे एक प्रस्ताव आला आहे आणि त्यावर आमच्यात दोन मतं आहेत.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. शास्त्रज्ञांपुढे काही वेळा आकडेमोडीचा एवढा मोठा डोंगर असतो की एका यंत्राने तो फोडायचा तर कित्येक वर्षं जातील. मग त्या कामाचे लहान लहान तुकडे करतात आणि इंटरनेटवरून हजारो लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पाठवतात. तुम्ही झोपलेल्या असता किंवा कॉम्प्युटरवर नुसतं पत्र टाइप करत असता, तेव्हा तो आतल्या आत आपल्या वाटणीचा तुकडा सोडवतो आणि उत्तर परत धाडतो. बऱ्याच प्रकल्पांत एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी पाठवून उत्तरं ताडून पाहतात. बचत गटात दोघींनी मिळून पैसे मोजावेत, तसंच.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केलं, तेव्हा हा प्रकार जगभर गाजला. पोर्टो रिको बेटावरच्या अरेसिबो इथल्या प्रचंड दुर्बिणीने टिपलेल्या आवाजात परग्रहावरचा काही संदेश सापडतो का, हे लोकांचे कॉम्प्युटर तपासत होते. पन्नास लाखांहून जास्त माणसं त्यात आली. संदेश काही सापडला नाही आणि ३१ मार्च २०२० पासून नवीन तुकडे पाठवणं थांबलं. पण या निमित्ताने साध्या माणसाचं साधं यंत्र मोठ्या कामाला लागू शकतं हे लोकांना पटलं. त्याच्याही आधी, १९९७ साली, 'डिस्ट्रिब्यूटेड डॉट नेट' या मंडळाने एका कंपनीने बक्षीस लावलेली ५६ बिटांची गुप्तलिपी २५० दिवसांत फोडली होती. एवढी किल्ली पुरेशी भक्कम आहे असं मानणारं अमेरिकन सरकार त्यामुळे तोंडघशी पडलं. मला स्वतःला परग्रहवासीयांपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

पुढे २००० साली स्टॅनफर्डचं 'फोल्डिंग अ‍ॅट होम' आलं. प्रथिनांच्या घड्या कशा पडतात आणि त्या चुकल्या की आजार कसे होतात, हा त्याचा विषय. २००४ च्या नोव्हेंबरात आयबीएम कंपनीने 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' काढलं. २०२१ पासून ते कॅनडातल्या टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेलं. कर्करोग, क्षय, एड्स, झिका अशा आजारांचे प्रकल्प त्यावर झाले. २००६ च्या एका प्रकल्पात स्तनांच्या कर्करोगाच्या पेशींचे नमुने तपासले गेले. २०१३ साली सुरू झालेल्या दुसऱ्या प्रकल्पात फुप्फुसानंतर अंडाशयाच्या कर्करोगाच्या खुणा शोधायला घेतल्या. म्हणजे बायकांच्या जिवाशी संबंध असलेलं काम यात आहे. ते नाकारून चालणार नाही.

आता स्पर्धेकडे येते. कोल्हापूरकरांना हा भाग चटकन कळेल. नुसतं "विज्ञानासाठी द्या" म्हटलं की माणसं चार दिवस देतात आणि मग बंद करतात. पण गुण दिले, संघ केले, यादी लावली, की माणूस पेटतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचा सामना असला की पेठेतलं लहान पोर सुद्धा जेवण टाकून पळतं ना, तीच ईर्षा. जर्मनीतला एक संघ २०१० पासून मे महिन्यात 'बॉइंक पेंटॅथलॉन' भरवत आला आहे. मॅरेथॉन, स्प्रिंट अशी मैदानी खेळांची नावं दिलेले पाच प्रकार असतात. पळतात मात्र कॉम्प्युटर. त्यात डावपेचही आहेत. काही संघ आधीपासून कामाचे तुकडे सोडवून स्वतःजवळ दाबून ठेवतात आणि स्पर्धा सुरू झाली की एकदम सोडतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंदाज येत नाही. साखर कारखान्याच्या निवडणुकीत शेवटच्या रात्री गठ्ठा फिरवतात, त्याचीच आठवण झाली.

आमच्याकडे आलेला प्रस्ताव असा. इथल्या इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या आणि आमच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या दोन मुलींनी मासिक बैठकीत सुचवलं की केंद्रातले तीन कॉम्प्युटर आणि जमल्यास सभासदांच्या घरचे पाच-सहा मिळून बायकांचा एक संघ करावा, कर्करोगाच्या कामाला लावावा आणि स्पर्धेत उतरावं. या स्पर्धांमध्ये पुरुषांचाच भरणा असतो. स्वयंसेवकांच्या ज्या पाहण्या झाल्या त्यांतही बायका अगदी थोड्या आढळल्या. मुलींचं म्हणणं, मग आपण का नको? मुद्दा बिनतोड आहे. मुली उत्साहाने बोलत होत्या आणि मला त्यांचं कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मावशींनी विचारलं, "मी काय म्हणतो ताई, मशीन रिकामं आहे म्हंजे काय? लाईट तर ओढतंयच की!" (आमच्याकडच्या बायका 'म्हणतो, जातो, येतो' असंच बोलतात, पुण्याच्या मैत्रिणींनी दचकू नये.)

मावशींच्या प्रश्नात अर्धं अर्थशास्त्र आहे. हिशेब करून बघू. साधा कॉम्प्युटर पूर्ण कामाला जुंपला तर शंभरेक वॅट धरा. दिवसरात्र चालला तर रोजची २.४ युनिटं, महिन्याची ७२. स्पर्धेत टिकायचं तर खेळांसाठी वापरतात तसलं ताकदवान ग्राफिक कार्ड लागतं. मग यंत्र साडेतीनशे वॅटच्या घरात जातं, म्हणजे महिन्याला सुमारे अडीचशे युनिटं. दोन खोल्यांच्या ज्या घराचं बिल मोठ्या कसोशीने शंभर युनिटांच्या आत ठेवलेलं असतं, त्या घरात ही वरची युनिटं चढ्या टप्प्यात जातात. आणि बिल कसोशीने आवरतं कोण? रात्री सगळ्यांमागे फिरून दिवे बंद करणारी बाईच. नवऱ्याचं किंवा मुलाचं यंत्र स्पर्धेत पळणार, गुण त्याच्या नावावर चढणार आणि घरखर्चात काटछाट हिने करायची, असं होणार असेल तर ते 'स्वयंसेवा' कुणाची झाली? आमच्या बैठकीतल्या एका बाईने सांगितलंच, की घरातला कॉम्प्युटर मुलीच्या कॉलेजसाठी कर्ज काढून घेतला, पण रात्री त्यावर मुलगा असतो आणि मुलीला पहाटे उठून अभ्यास उरकावा लागतो.

घरच्या कॉम्प्युटरवर नाव कुणाचं, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३ होत्या आणि पुरुष ५७. या स्पर्धा ज्या यंत्रांवर होतात, त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाटच अशी अरुंद आहे. मला या बाबतीत एक उदाहरण फार बोलकं वाटतं. 'आइनस्टाइन अ‍ॅट होम' नावाचा प्रकल्प २००५ पासून गुरुत्वीय लहरी आणि पल्सार तारे शोधतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्याने घरच्या कॉम्प्युटरवर सापडलेला पहिला नवा पल्सार जाहीर केला. शोधाचं श्रेय अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याला आणि जर्मनीतल्या एका गृहस्थांना मिळालं. जोडप्याला म्हणजे नवरा-बायको दोघांना, दोघांच्या नावानिशी. आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला 'लक्ष्मी मुक्ती'सारखी मोहीम काढावी लागली होती, हे आठवलं की त्या दोन नावांचं महत्त्व कळतं. याच गुरुत्वीय लहरींसाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. उद्या तिथली आकडेमोड घराघरांत वाटली गेली, तर हिंगोलीतल्या किती मुलींचं नाव यादीत असेल?

दुसरा आक्षेप आमच्यातल्या जुन्या कार्यकर्तीचा होता. या फुकटच्या मेहनतीतून औषध निघालं तर ते कंपनीच्या खिशात जाणार नाही कशावरून? रास्त शंका आहे, पण माहिती घेतली तर चित्र अगदीच काळं नाही. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर काम करून घेणाऱ्यांना निष्कर्ष सर्वांसाठी खुले करण्याची अट होती. 'कोविड मूनशॉट' हा मार्च २०२० मध्ये सुरू झालेला प्रकल्प तर मुद्दाम पेटंटविना चालवला गेला. कोणते रेणू बनवून पाहावेत हे ठरवायला फोल्डिंग अ‍ॅट होमची आकडेमोड वापरली आणि सगळं २०२३ साली प्रसिद्ध केलं. मात्र आशादायक रेणू म्हणजे औषध नव्हे. २०१४ साली मुलांच्या एका कर्करोगावर उपयोगी पडू शकतील असे सात रेणू जपानच्या शास्त्रज्ञांनी याच मार्गाने निवडले, पण रेणू ते गोळी हा रस्ता फार लांबचा. "तुमच्या कॉम्प्युटरने कॅन्सर बरा होतो" असं कुणी बायकांना सांगत असेल तर ते थांबवलं पाहिजे.

या भागात राहणाऱ्यांना एड्सचं उदाहरण जास्त जवळचं आहे. 'फाइट एड्स अ‍ॅट होम' २००० साली सुरू झालं. एचआयव्हीला अडवणारी रसायनं शोधायला अमेरिका-युरोपातल्या हजारो घरांतली यंत्रं रात्र-रात्र राबली. त्याच्या कितीतरी आधी, १९९२ पासून, इथून तासाभराच्या अंतरावर सांगलीच्या गोकुळनगरात 'संग्राम' संस्थेबरोबर वेश्याव्यवसायातल्या बायका घरोघरी निरोध वाटत होत्या, गिऱ्हाइकांशी भांडत होत्या, आजारी मैत्रिणींना दवाखान्यात नेत होत्या. १९९६ साली त्यांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली. हेही मोठ्या कामाचे लहान तुकडे करून वाटून घेणंच होतं. फरक असा की इथे तुकडा उचलणाऱ्या बाईला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं आणि काय करायचं ते तिने ठरवलं होतं. कॉम्प्युटरचा मालक झोपेत असतो. म्हणून मी याला श्रमदान म्हणणार नाही. हे वीजदान आहे. वाईट नाही, पण श्रमदान नाही.

'स्वयंसेवक' या शब्दावरून माझा जीव खरा कासावीस होतो तो २०२० सालामुळे. त्या मार्चमध्ये कोरोना पसरला आणि लाखो माणसांनी आपले कॉम्प्युटर फोल्डिंग अ‍ॅट होमला जोडले. सगळ्यांची मिळून ताकद एक एक्साफ्लॉपच्या वर गेली, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं. तेवढं त्या वेळच्या कोणत्याही महासंगणकाला जमत नव्हतं. जगभर कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम चालली. आपल्या आशाताई दारोदार फिरून ताप मोजत होत्या, बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या, नोंदी भरत होत्या. त्यांनाही सरकार 'स्वयंसेविका'च म्हणतं. तसं म्हटलं की पगार द्यावा लागत नाही, मानधनावर भागतं. कॉम्प्युटर तापला तर पंखा जोरात फिरतो. आशाताईला ताप आला तर ती दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन पुन्हा दारोदार. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला आणि त्यानंतरही २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशांना मानधनवाढीसाठी संपावर बसावं लागलं.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं तिथे येते. घरकामाला मोल द्या म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: माया कशी मोजणार, प्रत्येक घर वेगळं, प्रत्येक काम वेगळं, त्याचं माप कसं काढणार? या संगणकवाल्यांपुढे नेमकी हीच अडचण होती. कुणाचं यंत्र जुनं, कुणाचं नवं. कुणी ताऱ्यांचं काम करतो, कुणी कर्करोगाचं. मग त्यांनी एक माप ठरवलं. सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी करणारं यंत्र दिवसभर राबलं तर २०० गुण. या मापाला त्यांनी आपल्यातल्या एका सहकाऱ्याच्या आडनावावरून 'कॉबलस्टोन' असं नावही देऊन टाकलं. माप अगदी बिनचूक आहे का? नाही. त्यावर भांडणं झाली, खोटे गुण लाटणारेही निघाले. पण भांडत भांडत माप वापरलं गेलं. म्हणजे मोजायची इच्छा असली की मोजता येतं.

आणि आपल्याकडे आकडे नाहीत असंही नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसल्या, आणि जे पुरुष असं काम करतात ते ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. त्या २०१९ च्या पाहणीचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या खटल्यात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरलं पाहिजे असं स्पष्ट केलं. पण तो खटला अपघातातल्या मृत्यूच्या भरपाईचा होता. बाई गेल्यावर तिच्या वेळेचा दर निघाला.

इतिहासही जरा आठवू. 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राआधी माणसांना लावत. आकडेमोड करणाऱ्या नोकरदारांना, आणि त्यांत बायका पुष्कळ असत. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये शेकडो बेरोजगारांना गणिताचे लहान तुकडे वाटून देऊन कोष्टकं करून घेतली, त्या कामाची गणिती सूत्रं गर्ट्रूड ब्लँच या बाईंच्या हाती होती. एनिअ‍ॅक या अवाढव्य यंत्राला काम शिकवणाऱ्या सहा तरुणी होत्या. १९४६ साली ते यंत्र जगासमोर आणलं तेव्हा त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. तेव्हा "हे बायकांचं क्षेत्र नव्हे" हे म्हणणं आमच्या त्या दोन मुलींना कुणी ऐकवू नये.

माझं मत असं आहे. संघ करावा, पण स्पर्धेच्या शर्यतीत पडू नये. शर्यत आता घरच्या यंत्रांची राहिलेलीही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली, ती अनेक देशांतल्या डेटा सेंटरमधले ग्राफिक प्रोसेसर जोडून. मूळ संख्या शोधणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ज्याच्याजवळ पैसा त्याचे गुण, अशा यादीत बायकांनी विसावं येण्यासाठी बिलं भरावीत हे मला पटत नाही. शिवाय गुण जास्त मिळतात म्हणून प्रकल्प निवडायचा की काम महत्त्वाचं म्हणून, हे स्पर्धेत उलटंपालटं होतं.

केंद्राचा एकच कॉम्प्युटर द्यावा. ज्या यंत्रावर कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसची कागदपत्रं आहेत त्यावर बाहेरचं काहीही बसवू नये. ही अट मी सोडणार नाही. कोणत्या आजाराचं काम घ्यायचं ते सभासदांनी वाचून, विचारून ठरवावं. मुलीच्या अभ्यासाचं यंत्र कुणाच्याही घरून घेऊ नये. आणि मुलींनी या निमित्ताने बायकांना एवढं शिकवावं की आपल्या यंत्रात, आपल्या फोनमध्ये या क्षणी काय चाललं आहे ते कसं बघायचं. नवऱ्याने गुपचूप बसवलेल्या पाळतीच्या अ‍ॅपमुळे पकडल्या गेलेल्या बायका आमच्याकडे येतात. त्यांना हे ज्ञान पल्सारपेक्षा जास्त लागणार आहे.

त्या मावशींची सूचना मात्र सगळ्यांनी उचलून धरली. कॉम्प्युटरच्या गुणांचा तक्ता भिंतीवर लावायचा असेल तर शेजारी दुसरा तक्ता लावा, म्हणाल्या, आमच्या तासांचा. पंचवीस सभासद महिनाभर रोजचे तास लिहिणार आहेत: पाणी, स्वयंपाक, धुणं, आजारपण, शेण, चपलांच्या वेण्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे तास त्या इंजिनिअरिंगच्या मुली विचारून लिहितील. यंत्राला वेगळा मीटर बसवायला सांगितला आहे, म्हणजे त्याचीही खरी युनिटं कळतील. दोन्ही तक्ते पुढच्या अंकासाठी पाठवू. तुमच्या गटात कुणी असं काही करून पाहिलं असेल, तर रकाने कसे आखलेत ते आम्हाला कळवा. आमचं 'आजारपण' आणि 'म्हाताऱ्यांचं करणं' एकाच रकान्यात घालायचं की दोन, यावर अजून वाद चालू आहे.